बीम बदलणेबाबत

मित्रांनो, मी एक जुनं आढं आहे आणि मला कुणी 'बिचारं' म्हटलेलं चालत नाही. हे आधीच सांगून ठेवतो. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की पहिल्याच वाक्याला गळा काढतात, असं मी ऐकलंय. मी गळा काढणार नाही. माझ्यावर जे आलं ते मी पेललं, आणि ज्यांनी माझ्या पडण्याची वाट पाहिली त्यांना वाट पाहत बसवलं. एवढीच माझी कहाणी.

आढं म्हणजे काय, हे तुमच्यातल्या पुष्कळांना ठाऊक नसेल. तुम्ही स्लॅबखाली जन्मलेली मुलं. कौलारू घराचं छप्पर दोन्ही अंगांना उतरतं ना? जिथून ते उतरायला लागतं, त्या सगळ्यात उंच जागी घराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवं लाकूड टाकलेलं असतं. ते आढं. माझ्यावर वासे टेकतात, वाशांवर रिपा, रिपांवर कौलं. सगळ्यांचा भार माझ्यावर. घरातली माणसंसुद्धा काळजीत पडली की उताणी होऊन माझ्याकडेच बघत बसतात. व्याकरणाच्या पुस्तकात मला 'ते आढं' म्हणतात. म्हणोत बापडे. मी 'मी आलो, मी राहिलो' असंच बोलणार. थोडी आढ्यता आहे माझ्यात. आढ्यात नसेल तर कुणात असायची?

मी ऐनाच्या लाकडाचा. शहापूरकडच्या रानात वाढलो, तिथंच तोडला गेलो आणि बैलगाडीत आडवा पडून भिवंडीजवळच्या टेमघरात आलो. तेव्हा टेमघरात शेतं होती, गवत होतं, गुरं होती. दामू नावाचा एक तरुण गवंडी तिथं घर बांधत होता. जन्मभर दुसऱ्यांच्या भिंती उभ्या करणारा माणूस, आता त्याला स्वतःची चार भिंतींची जागा हवी होती. जमीन दुसऱ्याची, वर्षाचं भाडं ठरलेलं. घर मात्र दामूचं. जमिनीचा मालक त्याला तोंडी म्हणाला होता, "दामू, तुझं घर उभं आहे तोवर ही जागा तुझी." मित्रांनो, या वाक्यात जीव होता आणि याच वाक्यात विषही होतं. घर उभं आहे तोवर. म्हणजे घर पडलं की संपलं.

मला वर चढवलं त्या दिवशी सगळी वस्ती जमली होती. घरच्यांनी धम्म स्वीकारल्याला अजून वर्षही झालं नव्हतं. कुणीतरी म्हणालं, आढ्याला नारळ बांधतात, लाल फडकं बांधतात, तुम्ही काय बांधणार? दामू म्हणाला, "काय बांधायचं न्हाय. एवढ्या हातांनी उचाललंय, त्याच्यावर आनखी काय बांदू?" आणि मी तसाच वर गेलो, अंगावर नुसते लोकांच्या तळहातांचे मातीचे ठसे घेऊन. मला ते फार आवडलं. खाली दामूची नवी नवरी जाईबाई उभी होती. ती डोळ्यावर हात धरून वर बघत होती.

पुढची वर्षं सुखाची गेली. माझ्यावरून दोर टाकून झोळी बांधली, तीत दामूचा मुलगा यादव वाढला. झोळी गेली, तिथं दिव्याचा बल्ब आला. भिंतीवर बुद्धाची तसबीर लागली. पावसाळा तोंडावर आला की दामू शिडी लावून वर यायचा, कौलं काढून पुन्हा नीट बसवायचा, आणि उतरण्याआधी माझ्यावर मूठ आपटून आवाज ऐकायचा. "बोलतंय बघ कसं," असं जाईबाईला वरूनच सांगायचा. कौतुक कुणाला नको असतं? मीही जरा जास्तच खणखणून बोलायचो.

मग दामू गेला. यादव वायरमन झाला, दिवसभर लोकांच्या कारखान्यांत तारा ओढायचा. त्याचं लग्न झालं आणि वळ गावची बकुळा घरात आली. ती दवाखान्यात ड्रेसरचं काम करी, जखमा धुवून पट्ट्या बांधी. दिवसभर दुसऱ्यांचं कण्हणं ऐकून येणाऱ्या बाईच्या अंगात एकतर माया फार असते, नाहीतर हिंमत. बकुळात दोन्ही होतं, आणि जीभ होती ती वेगळीच.

मित्रांनो, माझं दुखणं कुठून सुरू झालं ते आता सांगतो. टेमघरातली शेतं गेली आणि लूम आले, म्हणजे कापड विणणारे यंत्रमाग. आमच्या भिंतीला लागूनच मुनीरभाईंनी कारखाना घातला. मुनीरभाई मूळचे कोकणातले, पण त्यांच्या आजोबांपासून भिवंडीत. माणूस चांगला, पण लूम कुणाचे चांगले नसतात. रात्रंदिवस खटक-खटक, खटक-खटक. त्या हादऱ्यानं आमची कौलं खाली सरकायची. कौल सरकलं की फट पडते, फटीतून पाणी येतं, आणि आढ्याचं पाणी वळचणीला जातं म्हणतात, पण ते आधी आढ्याला भिजवून जातं, हे कुणी म्हणत नाही. माझं कारखान्याकडचं टोक भिजत राहिलं. मग त्या टोकाला वाळवी लागली.

बकुळा एक दिवस थेट कारखान्यात शिरली. आतल्या आवाजात तिचं बोलणं कुणाला ऐकू येईना, तेव्हा तिनं मुनीरभाईंच्या बायकोला, आबिदाभाभीला, हाताला धरून आमच्या घरात आणलं आणि पाण्यानं भरलेलं घमेलं दाखवलं. आबिदाभाभीनं ते बघितलं, वर माझ्याकडे बघितलं, आणि घरी जाऊन नवऱ्याला काय सांगितलं कोण जाणे. दुसऱ्या दिवशी मुनीरभाई स्वतः आले. "भाभी, लूम मी बंद करू शकत नाही," ते म्हणाले. "पोट आहे ते. पण घर पडलं तर मला झोप लागायची नाही. काय करायचं ते सांगा, मी आहे."

"आढं बदलायचं," बकुळा म्हणाली. "छप्पर सगळं नवं घालायचं. अजून काय?"

पंढरी सुतार आला. त्यानं माझ्या टोकात पेचकस घातला. तो मुठीपर्यंत आत गेला. पंढरीनं तोंडानं चुक्‌ असा आवाज केला आणि म्हणाला, "गाभा शाबूत हाय, म्हनून उभं हाय. पन भरवसा न्हाय." त्यानं घराच्या मधोमध एक जाड टेकू लावून दिला. त्यानंतर घरातली सगळी माणसं त्या टेकूला वळसा घालून चालायला शिकली. पाहुण्यांची मात्र डोकी आपटायची.

बदलायचं ठरलं, पण बदलू कोण देतो? बकुळा कचेरीत गेली. कुठली कचेरी ते मी सांगत नाही, कचेऱ्या सगळ्या सारख्याच. तिथल्या कारकुनानं सांगितलं, "छप्पर बदलणं म्हणजे बांधकाम. त्याला परवानगी लागते. परवानगीला जागामालकाची ना-हरकत लागते. ती आणा."

जागामालक आता दौलतशेठ होता, त्या तोंडी शब्द देणाऱ्या माणसाचा मुलगा. शेठ आमच्याकडे यायचा, मोढ्यावर बसायचा, चहा प्यायचा आणि मान वर करून माझ्याकडे बघायचा. फार प्रेमानं बघायचा. कसाई बोकडाकडे बघतो तसं. मला हटवून, घर हटवून तिथं त्याला भाड्यानं द्यायला लूमची शेड घालायची होती, हे सगळ्या टेमघराला माहीत होतं.

"शेठ, ना-हरकतीवर सही द्या," बकुळा म्हणायची.

"देतो की वहिनी. माझी कशाला हरकत?" शेठ म्हणायचा.

आणि द्यायचा नाही. एकदा वकिलाला विचारतो म्हणाला, एकदा भावाला विचारतो म्हणाला, एकदा पितृपक्ष आहे म्हणाला. नाही म्हणणाऱ्याशी माणूस भांडू शकतो. 'देतो की' म्हणणाऱ्याशी काय भांडणार? असा एक पावसाळा गेला. दुसरा गेला. शेवटी चहाचा कप खाली ठेवता ठेवता शेठच्या तोंडून खरं निघून गेलं. "कशाला एवढा खटाटोप वहिनी? वडलांचा शब्द काय होता? घर उभं आहे तोवर. आता ते आढंच किती दिवसांचं सोबती!"

तो गेल्यावर बकुळानं त्याचा कप विसळला नाही, अंगणात नेऊन पालथा घातला. "हा माणूस आपलं घर पडायची वाट बघतोय," ती म्हणाली.

"हळू बोल," यादव म्हणाला. "ऐकेल कुणी."

"मग ऐकू दे की. मी काय त्याच्या बापाचं खाते?"

जाईबाई कोपऱ्यात तांदूळ निवडत होती. ती मान न उचलता म्हणाली, "आमचं आढं न्हाय पडायचं."

मित्रांनो, म्हातारीनं हे अशा आवाजात म्हटलं, जणू मी तिला तसं कळवून ठेवलं होतं. मी काहीच कळवलं नव्हतं. उलट त्या दिवसांत मला स्वतःचीच धास्ती वाटायची. माझं एक टोक भुसा झालं होतं. वाऱ्याचा झोत आला की मी करकरायचो. पण तिचं ते बोलणं ऐकलं आणि मी ठरवलं. पडायचं नाही. हे लोक मला हातानं खाली घेईपर्यंत पडायचं नाही. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात. माझे वासे फिरले नाहीत, त्यांनी मला धरलं आणि मी त्यांना धरलं. पाऊस आला, ये म्हटलं. लूम हादरवतात, हादरवा म्हटलं. वाळवीला सांगितलं, खा जेवढं खायचं तेवढं, गाभ्याला हात लावशील तर दात पडतील तुझे. तिला दात नसतात, हे मला ठाऊक आहे. पण रागात कोण एवढं बघतं?

बकुळा पुन्हा कचेरीत गेली. तोच कारकून होता. या बाईला बघून तो आता कंटाळला होता, आणि कंटाळलेला माणूस कधीकधी उपयोगाचं बोलून जातो. तो म्हणाला, "अहो, तुम्ही 'छप्पर बदलणे' लिहिता आणि गोष्ट बांधकामाच्या टेबलावर जाऊन अडकते. नेमकं जे खराब झालंय तेवढंच लिहून आणा ना."

बकुळा घरी आली आणि तिनं मुनीरभाईंना बोलावलं, कारण त्यांचं अक्षर सगळ्या आळीत चांगलं. ते कारखान्यातला कोरा कागद घेऊन आले. कोरा म्हणजे खाली कोरा; वर त्यांच्या कारखान्याचं नाव छापलेलं होतं. "घरी दुसरा कागद नाही," ते म्हणाले. "कागद कागदच. सांगा भाभी, काय लिहू?"

"लिहा, आमच्या घरातलं जुनं आढं खराब झालंय, ते बदलायचंय."

मुनीरभाई पेन धरून थांबले. "आढं? कचेरीतली पोरं आता आढं काय समजणार भाभी? सगळीकडे बीम म्हणतात. कॉन्ट्रॅक्टरसुद्धा बीमच म्हणतो. बीम लिहितो."

"लिहा बीम," यादव म्हणाला. त्यालाही ते जास्त कचेरीतलं वाटलं.

आणि मुनीरभाईंनी सुंदर अक्षरात लिहिलं: विषय, बीम बदलणेबाबत. जागेतील जुना बीम खराब झाला असून तो काढून नवीन बीम बसविण्यास परवानगी मिळावी.

आता मित्रांनो, भिवंडीत बीम म्हणजे काय, हे रस्त्यावरच्या कुठल्याही माणसाला विचारा. लूमच्या मागच्या बाजूला सुताचे ताणे गुंडाळलेला लोखंडी रूळ असतो, तो बीम. सूत संपलं की रिकामा बीम काढतात, भरलेला लावतात. सगळ्या गावात रोज हेच चालतं. बीम उचलणाऱ्या गड्यांच्या टोळ्या असतात. मुनीरभाईंचा अर्धा जन्म बीम बदलण्यात गेला होता. आणि त्या एका दिवशी, शेजाऱ्याच्या छपराची चिंता करता करता, तो एवढा पक्का लूमवाला माणूस लूम साफ विसरला. बकुळालाही सुचलं नाही, यादवलाही नाही. वरून मी बघत होतो, पण मला कुठं वाचता येतं?

अर्ज गेला. कचेरीतल्या कुणीतरी वरचं कारखान्याचं छापील नाव बघितलं, खालचा 'बीम' बघितला आणि कागद लूमच्या टेबलावर टाकला. पंधरवड्यात उत्तर आलं. आमच्या घरी कचेरीचं उत्तर इतक्या लवकर कधी आलं नव्हतं. बकुळानं मोठ्यानं वाचून दाखवलं: "आपल्या अर्जात नमूद केलेल्या जागेतील जुना बीम काढून नवीन बीम बसविण्यास या कचेरीच्या परवानगीची आवश्यकता नाही." खाली सही, शिक्का.

जाईबाईनं हातातलं सूप खाली ठेवलं. यादवनं कागद दोनदा वाचला आणि तो खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसत राहिला. एवढ्या वर्षांचं अडलेलं असं एका ओळीत सुटेल, असं त्याला वाटलं नव्हतं.

मुनीरभाई आले, त्यांनी कागद घेतला, शिक्का बघितला, आणि कपाळाला हात लावून हसत सुटले. हसता हसता खाली बसले. "या अल्ला. भाभी, हा लूमच्या टेबलाचा शिक्का आहे. त्यांना वाटलं माझ्या लूमचा बीम. त्यांनी लिहिलंय की लूमचा बीम बदलायला आम्हाला कशाला विचारता!"

यादव उठला. "मग जाऊन सांगायला पाहिजे," तो म्हणाला. "त्यांची चूक झालीय. आपण तसंच काम काढलं तर ती फसवणूक."

"कसली फसवणूक?" बकुळा उसळली. "आपण खोटं एक अक्षर लिहिलंय? घर लिहिलं नाही, त्यांनी विचारलं नाही. बीम लिहिलं, बीम बदलणार. तीन वर्षं खेटे घातले तेव्हा कुणाला आपली दया आली नाही. आता चुकून खरं लिहून दिलं तर ते परत करू?"

"चुकून खरं कसं?"

"खरं नाही तर काय? स्वतःचं आढं बदलायला कुणाची परवानगी कशाला लागावी? लागू नये. तेच लिहिलंय त्यांनी."

यादवनं आईकडे बघितलं. जाईबाई म्हणाली, "यादव, चूक त्यांची, सही त्यांची. तुजं काय गेलं? तुज्या बापानं हे घर कुनाला विचारून बांदलं न्हवतं."

यादव खाली बसला. मग म्हणाला, "आढ्याच्या जागी टाकायला लोखंडी गर्डर कुठून आणायचा?" आणि ठरलं. मुनीरभाईंच्या शेडमध्ये जुना लोखंडी गर्डर पडून होता. तो त्यांनी दिला, आणि आणखी एक गोष्ट दिली, जी मला गर्डराहून मोठी वाटली.

कामाच्या दिवशी सकाळी त्यांनी सगळे लूम बंद केले. "हादरा नको," म्हणाले. खटक-खटक थांबली. मित्रांनो, कित्येक वर्षांत मी ते घर असं ऐकलं नव्हतं. बकुळाच्या स्टोव्हचा आवाज, जाईबाईचा श्वास, बाहेर कोंबडीचं फडफडणं, सगळं वेगवेगळं कानावर आलं. मला उगीचच दामूची आठवण झाली आणि मी जरा हळवा झालो. झालो तर झालो.

मग बीमवाल्यांची टोळी आली. मुनीरभाईंनी त्यांनाच बोलावलं होतं. बिहारकडचे, युपीकडचे दणकट गडी, रोज खांद्यावर बीम वाहणारे. मुकादमानं दारातून आत बघितलं. "भाभी, बीम किधर है?"

बकुळानं बोट वर केलं.

मुकादमानं मान वर केली, टोळीकडे बघितलं, पुन्हा वर बघितलं. "अरे बाप रे. ये तो सब बीम का बाप है." पण त्यानं नाही म्हटलं नाही. त्यानं अंगरखा काढून खुंटीला लावला.

पंढरी सुतार सांगत होता, गडी करत होते. वाशांखाली दोन्ही बाजूंनी टेकू लागले. माझ्या थेट वरची, कोन्याची कौलं तेवढी काढली. बाकीची जागची हलवली नाहीत. छप्पर उतरवायचं नाही, ते उभं असतानाच खालून मला काढायचं आणि गर्डर सारायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. माझं कुजकं टोक भिंतीतून मोकळं केलं. आता माझं एक टोक भिंतीत होतं आणि दुसरं चार गड्यांच्या खांद्यांवर.

नेमका तेव्हाच दौलतशेठ दारात आला. त्याच्याबरोबर कचेरीतले एक साहेब होते.

"बघा साहेब," शेठ म्हणाला. "ना परवानगी, ना माझी सही. बेकायदा बांधकाम चाललंय. थांबवा."

साहेब आत आले. "काम थांबवा. परवानगी कुठाय?"

"ही घ्या," बकुळानं पदराखालून कागद काढला.

साहेबांनी वाचला. शिक्का बघितला. त्यांच्याही लक्षात आलं, कारण तेही भिवंडीचेच. "बाई, हे लूमच्या बीमबद्दल आहे."

"लूम हा शब्द कुठाय ते दाखवा."

"पण हा त्या टेबलाचा कागद आहे."

"अर्ज आम्ही तुमच्या कचेरीत दिला. कुठल्या टेबलावर ठेवा, हे आम्ही सांगितलं नव्हतं."

"शब्दांत पकडू नका. हे छपराचं काम आहे, दिसतंय ना मला."

मी वर करकरलो. गड्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या. मुकादम दातओठ खाऊन म्हणाला, "साहब, जल्दी बोलो, ये रुकता नहीं है." माझ्यात एक चीर होती, ती हळूहळू लांबत होती आणि मला ते कळत होतं. खाली चार माणसं होती, बाजूला म्हातारी होती, दारात तो होता ज्याला हेच हवं होतं. मी आत्ता तुटलो असतो तर सगळं त्याच्या मनासारखं झालं असतं. मी सगळा जीव गाभ्यात गोळा केला आणि धरून राहिलो. एवढा जोर मी कुठल्याच वादळात लावला नव्हता.

बकुळा साहेबांच्या समोर उभी होती. तिचा आवाज मुळीच चढला नाही. दवाखान्यात ओरडणाऱ्या माणसाची जखम धरताना तिचा आवाज असाच राहत असेल. "ठीक आहे साहेब," ती म्हणाली. "थांबवते काम. फक्त याच कागदाखाली लिहून द्या, की अर्ज घराचा होता, आमच्या कचेरीनं तो लूमचा समजला, आणि न वाचता सही करून शिक्का मारला. तुमचं नाव लिहा, सही करा. आत्ता थांबवते."

साहेबांनी कागदाकडे बघितलं. मग त्यांनी वर बघितलं, कोन्याची सोडली तर कौलं जागच्या जागी होती.

"लिहा ना," बकुळा म्हणाली. "पेन देऊ?"

शेठ म्हणाला, "साहेब, तिचं काय ऐकता—"

तेव्हा जाईबाई पुढे झाली. "दौलत, तुजा बाप बोलला व्हता, घर उबं हाय तवर. बग. हाय का न्हाय उबं? चांगलं बगून घे."

साहेबांनी कागदाची घडी घातली आणि ती बकुळाच्या हातात दिली. "छप्पर काही उतरवलेलं नाही," ते शेठला म्हणाले. "नेहमीची दुरुस्ती दिसते. चला." आणि ते गेले. शेठला एकट्याला दारात उभं राहायला लाज वाटली असावी, तोही गेला.

मुकादम म्हणाला, "उठाओ." मी दुसऱ्या भिंतीतून सुटलो. कित्येक वर्षांनी मला काहीच पेलायचं नव्हतं. गर्डर माझ्या जागी सरकला, वासे त्याच्यावर टेकले, एक कौल खाली आलं नाही. आणि मी खांद्याखांद्यांवरून, हाताहातांतून खाली उतरत गेलो. बीमवाल्यांचे हात होते, यादवचे होते, मुनीरभाईंचे होते. बकुळानंही हात लावला होता. वर जाताना लागले होते तेवढेच हात उतरताना लागले, कदाचित जास्तच.

आता मी अंगणात आहे. पंढरीनं माझं कुजकं टोक कापून टाकलं आणि उरलेल्या भागाला चार पाय ठोकून दिले. मुलं माझ्यावर बसून अभ्यास करतात, बायका भाजी निवडतात, संध्याकाळी शिफ्ट सुटली की बीमवाले येऊन टेकतात. कुणी मला जाळायला मागितलं की बकुळा त्याच्याकडे अशी बघते की तो दुसरं लाकूड शोधतो.

मित्रांनो, तुमच्याकडे माझं मागणं एकच. तुमच्या आळीत कुणाचं घर वाकलेलं दिसलं, तर दारात बसून ते कधी पडेल याचा अंदाज बांधू नका. खाली जाऊन हात लावा. आणि हात लावायला कुणी परवानगी मागितली, तर आधी हात लावा, मग बघू.

गेल्या वर्षी दौलतशेठ आमच्या अंगणावरून चालला होता. आता तोही थकलाय, काठी घेऊन चालतो. मला बघून तो थांबला आणि बरोबरच्या माणसाला म्हणाला, "हे ते दामूच्या घरातलं पडलेलं आढं."

जाईबाई माझ्यावरच बसली होती. तिला आता नीट ऐकू येत नाही, पण हे बरोबर ऐकू आलं. ती म्हणाली, "पडल्यालं न्हाय. आमी उतरवल्यालं."